पान उलटू नये

६ जानेवारी
मु. पो. वरचा पलंग

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून आईला हाका मारू नकोस. कोणी आजारी नाही, मी ठणठणीत आहे. फोनवर मी नुसता हो-हो करतो अशी तुझी तक्रार असते ना, म्हणून आज बूड टेकवून लिहायला बसलोय. एवढ्या तीन ओळींत दोनदा उठून पाणी पिऊन आलो, ते सोड.

कारण सांगतो. गोदामात मी खोकी उचलतो हे तुला माहीतच आहे. सकाळी इकडची तिकडे, दुपारी तिकडची इकडे. पण इथं एक फोर्कलिफ्ट आहे. पुढे दोन लोखंडी सुळे असलेली गाडी, आम्ही दहा जण मिळून जे उचलतो ते ती एका दमात उचलते. आणि तिचा ड्रायव्हर बसलेला असतो, ताई. बसलेला! कपाळावर घामाचा थेंब नाही आणि सगळे त्याला वाट देतात. मार्चमध्ये दोन ड्रायव्हर घेणार आहेत. मी मुकादमाला जाऊन सांगितलं की ही गाडी मी डोळे मिटून चालवीन. तो म्हणाला की ती डोळे उघडे ठेवूनच चालवायची असते, आणि त्याआधी वाचायची परीक्षा असते.

इथंच घोडं अडलंय. इंग्रजीतले छोटे छोटे उतारे येतात. एखाद्या शब्दाखाली रेघ असते, त्याचा अर्थ उताऱ्यावरूनच ओळखायचा. कोणीतरी खोक्यावरची सूचना न वाचता काचेच्या सामानावर पिंपं रचली होती म्हणे, तेव्हापासून हे सुरू झालं. आता इंग्रजीची आणि माझी नीट ओळख होण्याआधीच मी शाळेतून उठलो, हे तुला सांगायला नको. खालच्या पलंगावरच्या लांबूनेही परीक्षेला नाव दिलंय. (त्याचे पाय पलंगाबाहेर अर्धा हात येतात, म्हणून लांबू.) आम्ही दोघांत एक पुस्तक आणलं. पहिला उतारा दीपगृहावर, दुसरा मधमाशीवर. मी दीपगृहातच झोपलो. लांबू मधमाशीपर्यंत पोचला आणि मग तोही आडवा झाला.

तू शिकवणीत पोरांना हेच शिकवतेस ना? मग या घोड्यालाही शिकव.

बाबांना मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. मी निघताना ते जे बोलले ते तुझ्यासमोरच बोलले. ज्याला बटणाचं एक काज होईपर्यंत स्टुलावर बसवत नाही, तो जगाच्या पाठीवर कुठंच टिकायचा नाही. तेव्हापासून ते फोनवर येत नाहीत आणि मीही बोलवत नाही. मला त्या गाडीच्या सीटवर बसायचंय, ताई. एकदा बसलो की मग खुशाल सांग त्यांना, की तुमचा पोरगा दिवसभर बसून असतो.

आईला नमस्कार, तुला लोणी. लोभ आहेच, तो उताऱ्यांसकट पोस्टाने पाठवावा.

तुझा,
भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आईने दोनदा ऐकलं आणि अक्षर कोणाचं म्हणून विचारलं. तुझंच आहे, हे पटवायला मला बराच वेळ लागला.

शिकवणीतल्या पोरांना सांगते तेच तुला सांगते. शब्द अडला की डिक्शनरीकडे धावायचं नाही. मागचं वाक्य वाचायचं, पुढचं वाचायचं. नवा माणूस कसा आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून कळतं, तसंच हे. पण शेजार ओळखीचा हवा. दीपगृह तू पाहिलेलं नाहीस आणि मधमाशी तुला फक्त चावलेली आहे. म्हणून उतारे मीच लिहिलेत. त्यात एक टेलर आहे. कोण ते ओळखशीलच. त्याला मात्र पत्ता नाही. हे लिहीत असताना तो समोर मशीनवर बसून बाही जोडतोय आणि मी पोरांचे पेपर तपासतेय अशी त्याची समजूत आहे.

एक अट. उत्तरं त्याच पानाच्या मागच्या बाजूला लिहिली आहेत, कारण वेगळं पान तू हरवशील. सगळे प्रश्न सोडवून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. आईची शपथ आहे. हीच सवय परीक्षेत कामाला येईल.

बाकी घरी ठीक. तुझ्या स्टुलाचा एक पाय डुगडुगतो. गिऱ्हाईक बसायला गेलं की बाबा ओरडतात, मोडेल ते, उभेच राहा. दुरुस्त करत नाहीत आणि बाहेरही काढू देत नाहीत. परवा आईने ते माळ्यावर टाकायचं म्हटलं, तर दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत.

जपून राहा आणि बसून राहा. माया आहेच, ती कमी व्हायचं कारण देऊ नकोस.

तुझी ताई


४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तरं सोबत आहेत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. लाल पेन जपून वापर.

पहिला उतारा वाचताना लांबू आणि मी हसून लोळलो. टेलर माप घेतो, कापडावर पुन्हा मोजतो, कात्री हातात घेतो, ती खाली ठेवून चहाला जातो आणि येऊन परत मोजतो. खाली शब्द होता ‘कॉशस’. मी लगेच लिहिलं, भित्रा. मग तुझं ऐकून पुढचं वाक्य वाचलं. त्याच्या हातून आजवर एकही कापड वाया गेलेलं नाही. मग भित्रा खोडलं आणि लिहिलं, जपून वागणारा. ताई, एवढी वर्षं त्या दुकानात होतो, पण हे वाक्य मला कोणी वाचायला दिलं नव्हतं.

‘स्टबर्न’ने मात्र माझा घात केला. गिऱ्हाईक म्हणतं, कॉलर जराशी वाकडी असली तरी चालेल, मला घाई आहे. टेलर म्हणतो, मला चालणार नाही, आणि अख्खी कॉलर उसवतो. अर्थ मी बरोबर ओळखला, आपलंच खरं करणारा. पण शेवटी कॉलर सुरेख बसते ना, त्यामुळे हे कौतुकच असणार असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी दहा जणांसमोर मुकादमाला हसून म्हटलं की तुम्ही फार स्टबर्न आहात. तो दिवस मी गोदामाच्या पार मागच्या कोपऱ्यात, भिजून फुगलेली खोकी वेगळी करण्यात घालवला. यापुढे शब्द आधी लांबूवर वापरून बघणार आहे.

शपथ पाळली बरं का. आयुष्यभर शेजाऱ्याच्या वहीवर जगलेला मी, पण पान उलटलं नाही. लांबू कागद उजेडासमोर धरून मागचं वाचायला निघाला, तर मी हिसकावून घेतला आणि त्यावर बसलो. बसायचंच होतं, तर म्हटलं कागदावर बसू. पाऊण तास हललो नाही. पायाला मुंग्या आल्या, तर आधी वाटलं की काहीतरी आजार झाला.

लांबूला या टेलरचा फार लळा लागलाय. तो विचारतो की टेलर वेळेवर जेवतो का? आणि डोळ्यांना चष्मा नवा केला का? लांबूच विचारतो, मी नाही.

अजून उतारे पाठव. तुझा लोभ टपालखात्याच्या हाती आहे.

तुझा,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बोंब झाली. तुझं पाकीट बाबांच्या हाती पडलं. पत्र मी ओढून घेतलं, पण उत्तरांचा कागद त्यांच्याच हातात राहिला. इंग्रजीतला एकच शब्द त्यांना वाचता येतो, दुकानाच्या पाटीवरचा, आणि तुझ्या उत्तरांत तो ओळीओळीला होता. मशीन थांबवून त्यांनी मला समोर बसवलं आणि सगळं मराठीत करून सांगायला लावलं. ‘स्टबर्न’चा अर्थ मी निश्चयी असा सांगितला. मी शिक्षिका आहे, देव मला क्षमा करो.

मला वाटलं, आता उतारे बंद. तर म्हणाले की लिहायचंच तर नीट लिही, कापड कापताना मी चहाला उठत नाही, चहाला त्याला पाठवायचो. तुझं नाव अजून तोंडातून निघत नाही, ‘त्याला’वर भागतं. पण रोज मशीन झाकताना विचारतात की त्या टेलरचं पुढे काय झालं. मला आता घरातच संपादक मिळालाय. कालच्या उताऱ्यातलं पावाचं दुकान त्यांनी काढायला लावलं, कारण टेलर तिकडून पाव घेत नाही.

लांबूला सांग, टेलर वेळेवर जेवतो. चष्मा जुनाच आहे, स्वभावासारखा.

आणि एक. परीक्षेची तारीख मी आईला सांगितली होती. दुसऱ्या दिवशी बघते तर कॅलेंडरवर त्या तारखेला कापडावर आखायच्या खडूने रेघ. विचारलं तर म्हणाले, एका गिऱ्हाइकाची द्यायची तारीख आहे.

शांतपणे लिही. आमचे डोळे त्या रेघेवर आहेत.

तुझी ताई


१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटी असताना वाच आणि बाबांना सांग की परीक्षा पुढे ढकलली.

परीक्षा झाली. मी नापास झालो. कसा झालो ते ऐक, म्हणजे तुझा भाऊ कोणत्या मातीचा आहे ते तुला कळेल.

गोदामाच्या जेवणाच्या खोलीत टेबलं लांब लांब मांडून आम्हाला बसवलं. पेपर आला. एक पान, त्यावर उतारे. ताई, मला सगळं आलं! एका उताऱ्यात एक कामगार कलंडलेला माल बघून गाडी थांबवतो, खाली उतरतो, पुन्हा तपासतो. शब्द ‘कॉशस’. मला त्या कामगाराच्या गळ्यात टेपच दिसली. पान संपवलं, पेन ठेवलं आणि हाताची घडी घालून बसलो. जरासुद्धा उठलो नाही.

तेवढ्यात बघतो तर काय, सगळ्यांनी पानं उलटली होती. उघड उघड! मला इतकी लाज वाटली त्यांची. मनात म्हटलं, चार अक्षरं शिकलेले लोक आणि उत्तरं बघून लिहितात. लांबूही उलटून लिहीत होता. मी त्याच्याकडे असे डोळे वटारले की बिचाऱ्याने दोनदा स्वतःचा शर्ट तपासला. आणि मी एकटा, आईची शपथ, सत्याचा पुतळा होऊन बसून राहिलो.

मागे उरलेले उतारे होते.

मुकादमाने मला बोलावून कागद दाखवला. पुढची बाजू सगळी बरोबर, मागची कोरी. कारण विचारलं. मी कारण सांगितलं. तो टेबलावर डोकं ठेवून हसला, मग बाहेर जाऊन बाकीच्यांना सांगून परत हसला. आता गोदामात मला ‘एकपानी’ म्हणतात. लांबू पास झाला. गाडीवर बसून जाताना तो माझ्याकडे बघत नाही, त्याला वाईट वाटतं. मला जास्त वाईट वाटतं, कारण त्याचे पाय तिथं नीट मावत नाहीत.

दुसरी जागा अजून रिकामी आहे. मुकादम महिनाअखेरीला पुन्हा बसू देतो म्हणालाय. पण बाबांचं म्हणणं खरं ठरलं बघ. इतकी वर्षं बसलो नाही म्हणून वाया गेलो, आणि आता बसून राहिलो म्हणून वाया गेलो.

लोभ असल्यास ठेवावा. मी तर तोंडही दाखवत नाही.

तुझा,
एकपानी


२५ मार्च

चि. भिंगरी यास अनेक आशीर्वाद.

पत्र ताईच्या नावे होते, ते मी फोडले. मराठीत होते म्हणून वाचता आले.

मास्तरणीला बोललो आहे. चूक तिची. कापड आधी दोन्ही बाजूंनी बघतात, हे या घरात वाढून तिला कळले नाही. तू शपथ पाळलीस, हे ध्यानात घेतले आहे. तुझी आई हसते आहे, ते मनावर घेऊ नये. मी पण थोडा हसलो.

सोबत उतारा आहे. मजकूर माझा, इंग्रजी तिचे. प्रश्न एकच आहे. मागे बघण्यास हरकत नाही.

प्रकृतीस जपावे. इकडचे प्रेम उसवलेले नाही.

तुझे बाबा


९ एप्रिल
मु. पो. वरचा पलंग

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही, चुकलं तर उसवून घ्या.

पुन्हा परीक्षा झाली. या वेळी मी आधी पेपर उलटला, मग सुलटा केला, मग परत उलटला. शेवटी पाठीमागच्या माणसाला संशय आला की मी वारा घेतोय. दोन्ही बाजू लिहिल्या. जाता जाता टेबलाखालीही बघून घेतलं, तिकडं एखादा उतारा नको राहायला.

पास झालो. सोमवारपासून गाडीवर बसतोय. पहिल्याच दिवशी माल जरा कलंडल्यासारखा वाटला म्हणून खाली उतरून तपासला, वर चढलो, परत उतरून तपासला. मुकादम ओरडला की चालवतोस की जिना चढतोस. मी म्हटलं, कॉशस. तो मान हलवत पुढे गेला. या खेपेला शब्द बरोबर लागला असावा.

तुमचा उतारा परीक्षेच्या आदल्या दिवशी मिळाला. एक टेलर मुलाला रागाने काहीतरी बोलतो, मुलगा लांब निघून जातो. दुकानात एक स्टूल आहे. टेलर त्यावर कोणाला बसू देत नाही. प्रश्न: का बसू देत नाही?

मागे बघायला हरकत नाही असं तुम्ही स्वतः लिहूनही मी आधी उत्तर लिहिलं, मगच पान उलटलं. वळण पडलं की पडलं. मागे उत्तर नव्हतंच. तुमच्या हातचे मापाचे रकाने होते, सगळे रिकामे, आणि खाली एक ओळ: दिवसभर बसणाऱ्याची पँट वेगळी कापावी लागते, माप पाठव.

बाबा, तुम्ही ही ओळ मी नापास असताना लिहिलीत. लांबूला दाखवली, तर तो नाक शिंकरत बाहेर गेला. मीही गेलो असतो, पण म्हटलं, आता बसायची सवय करायला हवी.

मापं लांबूने लोखंडी टेपने घेतली. फार गार लागते ती. मापं आणि उत्तर मागच्या बाजूला आहेत.

आईला आणि मास्तरणीला नमस्कार. असाच लोभ असू द्यावा, शिलाईत थोडा सैल सोडून.

तुमचा,
भिंगरी

(पान उलटावे)

कंबर बत्तीस. लांबी चाळीस. श्वास रोखलेला नव्हता.

उत्तर: त्या स्टुलावर आधीच कोणीतरी बसलेलं आहे. फार चुळबुळ करतं, पण उठत नाही.