तो खड्डा तुझा नव्हता, कोरल

प्रिय कोरल,

माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पाकीट न फोडताच शेगडीत घातलं असतंस, म्हणून वरचा पत्ता बेकरीतल्या ब्रोन्विनकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सहा आठवडे मी तोंड मिटून बसले. पण गेल्या शनिवारी पबात जेवायला गेले आणि दारातून आत पाऊल टाकते न टाकते तोच मर्वनं भर गर्दीत आरोळी ठोकली, "सांभाळा रे बाबांनो! नोलीन आली. आपापल्या खिशांवर हात ठेवा!" सगळे टेबलं बडवून हसले. ज्याची गाडी मी दोनदा चिखलातून ओढून काढली, तो मर्व! तरी मी ताट मागवलं, पण समोर आल्यावर ते तसंच ठेवून घरी आले आणि उभ्याउभ्या पाव खाल्ला. अडुसष्टाव्या वर्षी मला या गावात चोर ठरवलंस तू. तेही माझ्या तोंडावर नाही, माझ्यामागे, बिअरचा ग्लास हातात धरून. मला नुसता राग आलेला नाही, कोरल, माझ्या अंगाची लाही लाही होतेय.

एकोणीस वर्षं आपण दोघी या रानात सोनं शोधायच्या यंत्राची तबकडी जमिनीवरून फिरवत चाललोय. पहिलं वर्षभर काय मिळालं होतं आपल्याला? खिळे, बंदुकीचे छर्रे, सार्डिनचे गंजलेले डबे, घोड्यांचे नाल, आणि पलंगाच्या खांबावरची ती पितळी मूठ, जी तू सोनं समजून रुमालात गुंडाळून थेट सोनाराच्या दुकानात नेलीस. माझ्या पँटमध्ये मुंग्या शिरल्या तेव्हा मी रस्त्यालगत पँट काढून नाचले, आणि नेमकी त्याच वेळी पाद्रीबाबांची गाडी आली. तू हसून हसून जमिनीवर लोळलीस. चौदाव्या महिन्यात पहिलं सोनं मिळालं, काडीच्या गुलाएवढं. माती धुवायला तू ते जिभेवर ठेवलंस, मी काहीतरी बोलले, तुला हसू फुटलं आणि सोनं गेलं पोटात. पुढचे तीन दिवस तू काय आणि कुठे शोधत होतीस, ते मी आजतागायत कुणालाही सांगितलेलं नाही. ब्रोन्विनला नाही, मर्वला तर नाहीच. तुझी गुपितं पोटात ठेवणाऱ्या बाईला तू चोर म्हणालीस.

आता त्या दिवसाचं. नियम तूच मला शिकवलास. ज्या जागेवर यंत्र बोललं तिथे कुदळ आडवी टाकून ठेवली, तर ती जागा तुमची. मग तुम्ही चहा प्यायला जा नाहीतर झाडामागे जा, कुणी हात लावायचा नाही. पण नुसती बुटानं माती खरवडून पुढे निघून गेलात, तर ती जागा सोडली. येईल त्याची. जुलैतल्या त्या शनिवारी टिंकर्स घळीत, कललेल्या झाडाच्या बुंध्याशी, तू दोनदा तबकडी फिरवलीस, बुटानं खरवडलंस, परत फिरवलीस आणि मला म्हणालीस, "काही नाही गं, नुसती मातीच किरकिरतेय." आणि चालू लागलीस. कुदळ तुझ्या पट्ट्यात होती. ती तू काढलीसुद्धा नाहीस. तासाभरानं मी त्या झाडाशी पोचले. माझ्या हेडफोनमध्ये आवाज आला तो बारीक होता, खोलवरचा होता, पण स्वच्छ होता. किरकिर नव्हतीच ती. मी खणत गेले. वीतभर खाली कुंपणाच्या तारेचा तुकडा निघाला तेव्हा यंत्राला चार शिव्या दिल्या. पण तार बाजूला टाकल्यावरही आवाज थांबेना. शेवटी पोटावर आडवी झाले, कोपरापर्यंत हात आत घातला, आणि हाताला जे लागलं त्याच्या वजनावरूनच कळलं. सुक्या जर्दाळूएवढं, एका अंगाला पांढरी गारगोटी चिकटलेली. चार औंस. एकोणीस वर्षांत आपल्या दोघींना मिळालं नव्हतं एवढं, एका ढेकळात.

मी काय केलं सांग? खिशात घालून गुपचूप गाडीकडे गेले? मी तिथूनच गुडघ्यावर बसून हाका मारल्या. "कोरल! अगं कोरल! इकडे ये!" तू तीस पावलांवर होतीस. तीन वेळा ओरडले. झाडावरचे काकाकुवा उडाले, पण तुझी मान काही वळली नाही. मग उठून, धावत येऊन तुझ्या खांद्याला हात लावला तर तू अशी दचकलीस, जणू सापच पडला अंगावर. तळहातावरचं सोनं मी तुझ्यापुढे धरलं. मला वाटलं होतं तू मला मिठी मारशील. तू सोन्याकडे पाहिलंस, मग त्या झाडाकडे, आणि म्हणालीस, "ती जागा माझी होती. मी पुढे जायची वाट पाहत होतीस ना?" परतीच्या वाटेवर गाडीत तू चकार शब्द बोलली नाहीस आणि संध्याकाळी पबात मात्र सगळं बोललीस.

तुझ्याबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, आणि त्या मी कुणाला सांगत फिरले नाही. दोन वर्षं झाली, तू माझं ऐकेनाशी झालीस. मी विचारावं, "थर्मासमध्ये दूध घातलंस का?" तर तू म्हणायचीस, "हो हो, वारा पश्चिमेकडून येतोय." मी तुला गिनाच्या घटस्फोटाचं सांगत होते, माझ्या पोटच्या पोरीच्या घटस्फोटाचं, रडत होते अक्षरशः, आणि तू हसून म्हणालीस, "छानच झालं की!" त्यानंतर मी आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नाही. तुला ते कळलंसुद्धा नाही. हेडफोनची वायर केसांत अडकते असं सांगून तू तो खांद्यावरचा भोंगा आणलास आणि इतका मोठा लावायला लागलीस की पलीकडच्या टेकडीवर बसलेली माणसं आपल्याकडे वळून बघायची. तुझा टीव्ही फाटकाबाहेर ऐकू येतो. फोन केला तर तू दोन मिनिटांत "गॅसवर काहीतरी आहे" म्हणून ठेवून देतेस. मला वाटायचं बाई शिष्ट झाली, तिला माझा कंटाळा आला. मी अशी चिडायचे, कोरल, की घरी आल्यावर भांडी आपटायचे.

मग मला कळलं. कधी, ते आता सांगते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आपण त्या ओढ्याच्या काठाने चाललो होतो, तू पुढे, मी दहा पावलं मागे. तू ज्या मातीवरून आत्ताच तबकडी फिरवून गेलीस, तिथेच माझं यंत्र बोललं. दाण्याएवढं सोनं निघालं. मी म्हटलं, नशीब. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तुझी तबकडी नेमकी त्याच जागेवरून गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, तुझ्या भोंग्यातून तो बारीक आवाज निघालेलाही मी दहा पावलांवरून ऐकला होता. तू नाही ऐकलास. तेव्हा मला दूध, वारा, गिना, सगळ्याचा उलगडा झाला. आणि तुझ्या आईची गोष्ट आठवली, तू एकदाच सांगितलेली. जेवायच्या टेबलावर तुम्ही भावंडं नुसतेच ओठ हलवायचात, ती बिचारी "काय? काय?" करत पुढे वाकायची, आणि तुम्ही हसायचात. "मीही हसायचे, नोलीन," असं म्हणून तू कप खाली ठेवला होतास. म्हणून तू कुणाला कळू देत नाहीस हे मला समजलं. पबात मर्वनं आरोळी ठोकली तेव्हा मी सगळ्यांसमोर एवढंच बोलू शकले असते, "अहो, तिला ऐकू येत नाही." एका वाक्यात मी सुटले असते. मर्वचं तोंड बंद झालं असतं. मी नाही बोलले. त्या बदल्यात पबात भरलं ताट टाकून घरी आले. म्हणून चिडलेय मी. कळलं?

परवा मंगळवारी तू बेकरीतून खिमा भरलेला पाय घेऊन बाहेर पडलीस आणि कागद उलगडत तशीच रस्त्यात उतरलीस. गव्हाचा ट्रक उलटा मागे येत होता. त्याची टींटीं अख्ख्या रस्त्याला ऐकू येत होती. मी पोस्टासमोरून जीव खाऊन ओरडले, हात हलवले. सहा आठवड्यांतला माझा तुझ्याशी बोललेला पहिला शब्द होता तो. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं मी शिव्या देतेय. तू दोन बोटं वर करून उलट मलाच शिवी दाखवलीस. ब्रोन्विननं धावत येऊन कॉलर धरून मागे खेचलं नसतं, तर आज हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं? तुझा पाय ट्रकच्या चाकाखाली गेला. खायचा पाय म्हणतेय मी, बये. तुझा स्वतःचा पाय दोन बोटांनी वाचला. आणि तू पोरीलाच झापलंस, "ढकलतेस काय?" मी तिथेच पोस्टाच्या पायरीवर बसले. घरी येऊन मला आधी रडू आलं, आणि मग संताप. तुझा, आणि तुझ्याहून जास्त माझा.

कारण चोर मी आहे, कोरल. टिंकर्स घळीतली नाही. तिथला खड्डा तुझा नव्हता, ते मी देवासमोरही सांगेन. पण गेल्या वर्षी ऑगस्टमध्येच मला कळलं, आणि मी गप्प राहिले. तुझी लाज राखायला गप्प राहिले असं मी स्वतःला सांगत आले, आणि ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की त्यानंतर मी मुद्दाम तुझ्या मागून चालायला लागले. तू जे सोडशील ते मला मिळायचं. एका लहानशा बाटलीत ते सगळे दाणे आहेत, एकही विकलेला नाही. विकायला हात धजावला नाही. यासाठी तुला मला चोर म्हणायचं असेल तर पबात जाऊन पुन्हा म्हण, मी उभी राहून ऐकेन. पण हे मी तुला समोर येऊन सांगू शकले नाही, कारण तू अर्ध्यावर "हो हो" म्हणाली असतीस. फोनवर तर नाहीच. प्रत्येक शब्द तुझ्यापर्यंत पोचायला हवा होता, म्हणून कागद घेतला. बेंडिगोला कानाच्या डॉक्टरकडे गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे, तुझ्या नावाने, तुला न विचारता. नऊला गाडी घेऊन येते. नाही म्हणायचं असेल तर दारात उभी राहून माझ्या तोंडावर नाही म्हण, आणि मला मोठ्यानं ओरडावं लागलं तरी मी ओरडेन, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं तरी चालेल.

तुझीच, अजून चिडलेली,
नोलीन