एक भोक सैल

१४ सप्टेंबर १९३६

पोचलो एकदाचा! बस अशी काही आदळत आली की उतरल्यावर हाडं जागेवर आहेत का ते चाचपून पाहिलं. पण नोकरी पक्की झाली. गिरणी बंद पडल्यापासून दारोदार हिंडलो, कुणी उभं केलं नाही, आणि इथे तुरुंगाच्या कॅप्टन गॅडिसने माझा अर्ज धड वाचलासुद्धा नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मागे फिरून मान पाहिली आणि म्हणाला, टेनी, तुझ्यासारखा गडी हवाच होता. या बैलमानेला कॉलर बसत नाही म्हणून आई जन्मभर टोमणे मारत आली. आता या मानेचीच भाकरी खाणार.

खोली मिसेस लॅनियर यांच्याकडे मिळाली. विधवा आहेत, जिभेला धार आणि हाताला चव. आज तळलेला मासा, मक्याचा पाव आणि वर पीचचा मुरंबा होता. मी चौथ्यांदा वाढून घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, पोरा, टेबलसुद्धा खाणार का? त्यांचा म्हातारा भाऊ एझरा मागच्या खोलीत राहतो. तुरुंगाचा वीजमिस्त्री तोच.

या घराची एक गंमत आहे. इथल्या एकाही खुर्चीला हात नाहीत. होते, पण करवतीने कापून टोकं घासून टाकलीत. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, एझराला हातांच्या खुर्चीत बसवत नाही, तुरुंगातल्या त्या खोलीत काम करणाऱ्या कुणालाच बसवत नाही. म्हातारपणी माणसाला काय खूळ लागेल सांगता येत नाही.

२० सप्टेंबर

काम म्हणजे कापसाच्या शेतात कैद्यांवर नजर ठेवायची आणि घोड्यावर बसून डुलक्या आवरायच्या. मजा आहे.

आज लिलावात खुर्ची घेतली. ओकची, पाठ उंच, हात रुंद. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची अशी वस्तू! डोक्यावर घेऊनच घरी आलो. बाईंचा चेहरा पडला. एझरा आत गेला आणि करवत घेऊन आला. मी म्हटलं, काका, हातांसाठीच तर घेतली, कापायचे असते तर बाकडं नसतं का आणलं? त्याने करवत माझ्या दाराआड ठेवून दिली. असू दे बापडी.

२८ सप्टेंबर

मानेचं कोडं उलगडलं. यार्ब्रो नावाच्या कैद्याची तारीख ठरली आहे, आणि त्याआधी विजेच्या खुर्चीची तालीम होते. पट्ट्यांचं माप बसवायला त्याच्याच अंगाचा माणूस लागतो. माझी मान आणि डोकं हुबेहूब त्याच्यासारखं. कॅप्टन म्हणाला, बटण बंद, तारा सोडलेल्या, नुसतं बसून दाखवायचं. शेतावरचे सोबती मला 'नवरदेव' म्हणून चिडवत होते. मीही हसत हसत बसलो.

हसू फार टिकलं नाही. मनगटांना पट्टे, छातीला पट्टा, उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर. मग एझराने धातूची टोपी डोक्यावर ठेवून हनुवटीखालचा पट्टा ओढला आणि मला आवंढा गिळता येईना. लाकडाला कसलासा जुना वास येत होता. मी म्हणालो, फार आवळतंय, एक भोक सैल करा. एझराने केलं, पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, हे सैल आहे. टोपी डोक्याला घट्ट बसली नाही तर वीज आत जात नाही, कातडी जाळत बसते.

मग माझ्याकडे वाकून तो हळूच म्हणाला, "पोरा, खरं सांग. इथे लाज धरायची नसते."

"ठीक आहे," मी म्हणालो. "उठवा म्हणजे झालं."

कॅप्टन हसला. त्याला जेवायला जायचं होतं. त्याने त्या भोकावर लाल मेणाची खूण केली आणि मला उठवलं.

३ ऑक्टोबर

यार्ब्रो गेला. काल सकाळी. नीट झालं नाही. जेवण जात नाही.

४ ऑक्टोबर

काल गाळलं ते लिहितो. न लिहून काही ते न झाल्यासारखं होणार नाही.

मी दाराशी पहाऱ्याला होतो. एझराने लाल खुणेवर पट्टा लावला. यार्ब्रोने डोकं हलवून पाहिलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही, न्हाव्याकडे बसल्यासारखा म्हणाला, "साहेब, हे सैल आहे."

कॅप्टन म्हणाला, टेनीवर बसवून पाहिलंय, त्याचं माप तेच तुझं. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यार्ब्रोनेही पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं की हो, सैल आहे, घट्ट करा. एका भोकाचं काम!

मी मान डोलावली.

तीनदा द्यावी लागली वीज. प्रत्येक वेळी डॉक्टर छातीला कान लावून मागे सरकायचे. खोली धुराने भरली. पाहायला आलेल्यांपैकी एकजण भिंतीशी ओकला. माझ्या बुडाखालची खुर्ची सुटावी म्हणून मी खोटं बोललो आणि त्याची फेड त्या माणसाने केली.

७ ऑक्टोबर

खापर एझरावर फुटलं. म्हातारा पितो, हात कापतात, जोडणी कच्ची ठेवली, असं कॅप्टनने वरती कळवलं. खूण कुणाची होती ते कसं कळवणार? एझरा थेंबभर घेत नाही हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही. नोकरी गेली तर पुन्हा दारोदार हिंडणं आलं.

तो आज बहिणीचं घर सोडून गेला. बसच्या थांब्यापर्यंत त्याची पेटी मीच नेली. मला वाटलं शिव्या देईल. त्याने दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पर्विस म्हणून एक कैदी आहे, याच महिन्याच्या शेवटी त्याची पाळी, तीच खूण वापरणार आहेत.

"पर्विसच्या आधी सांगशील ना?" एवढंच त्याने विचारलं.

हो म्हणालो.

११ ऑक्टोबर

उशी सकाळी ओली होती. घाम म्हणावा तर जिभेला चरचरीत खारट. माझ्या गणवेशाच्या टोपीच्या आतल्या कडेला पांढरं मीठ साठलंय. खुर्चीच्या त्या धातूच्या टोपीखाली, वीज नीट आत जावी म्हणून, मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज ठेवतात. पण तालमीत तो नव्हता. मला कोरडंच बसवलं होतं.

खाई त्याला खवखवे. मनाचे खेळ असतील.

१५ ऑक्टोबर

उजव्या पोटरीवर तळहाताएवढी जागा गुळगुळीत झालीय. एक केस नाही. वीज जोडायला त्यांनी यार्ब्रोची पोटरी जिथे भादरली होती, तिथेच.

माझ्या ओकच्या खुर्चीत बसलो की उठताना जरा अडकायला होतं. बाईंना वाटलं गुडघे धरले, त्यांनी तेल दिलं. मी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. बाई माझ्याशी आता जेवण वाढण्यापुरतंच बोलतात. पाव पुढे सरकवतात आणि भावाच्या रिकाम्या जागेकडे पाहतात. त्यांना कळलंय की काय कोण जाणे.

कॅप्टनला सांगायला तीनदा गेलो. तीनदा हवापाण्याच्या गप्पा मारून आलो.

२३ ऑक्टोबर

उद्या पर्विसची तालीम. त्याची मानही जाडच. मलाच बोलावलंय. देवाची कृपा म्हणायची — पट्टा बसला की लगेच सांगीन, सैल आहे. वेगळं कबूल करायलाही नको.

२४ ऑक्टोबर

नवा मिस्त्री पोरगेला. लाल खुणेवर पट्टा लावला. कॅप्टनने विचारलं.

ठीक आहे, म्हणालो.

मी म्हणालो. बसल्यावर दुसरं काही सुचत नाही, नुसतं उठायचं असतं — कुत्र्यासारखं — यार्ब्रोलाही उठायचंच होतं की.

२७ ऑक्टोबर

उभ्याने लिहितो. खिडकीच्या फळीवर. कुठल्याच खुर्चीत बसवत नाही. जेवतोही उभाच. बाई काही विचारत नाहीत.

मनगटांवर वळ. दोन्ही.

२९ ऑक्टोबर

एझराची करवत घेतली आणि माझ्या खुर्चीचे हात कापले. चुलीत घातले. ओकच ते, पण जळताना चामड्याचा वास आला. बाई चुलीपाशी आल्या, पाहिलं, आणि प्रथमच माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, एझराने कधीच कापून दिले असते, पोरा.

मी रडलो. सगळं सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं त्याला सांग. पर्विस उद्या सकाळचा आहे.

सांगणार. नोकरी जाऊ दे, मान जाऊ दे.

३० ऑक्टोबर

उजाडलं. झोप छान लागली. उशी कोरडी! तुरुंग हाकेच्या अंतरावर. कॉफीसुद्धा घेत नाही. कॅप्टनला गाठून चारचौघांत सांगतो, मग तुरुंगात टाका नाहीतर हाकला. पर्विसचं तरी नीट होईल. एझराला पत्र टाकीन. बूट घातले की निघालो —

नाडी बांधायला खुर्चीत टेकलो. हात तर कापलेत, आता काय करणार ती.

उठतोच आहे.

डावा हात कशावर तरी टेकलाय. खाली काही नाही. हवा आहे. पण उचलत नाही.

वही मांडीवर. उजवा अजून मोकळा —

बाईंना हाक मारली. त्या खाली भांडी घासताहेत. ऐकू जात नाही. तुरुंगाचा भोंगा झाला. तिकडे पर्विसला आणत असतील — मी इथे —

पाणी. कपाळावरून. खारट.

हनुवटीखाली काहीतरी आवळतंय. आवळत नाही. नुसतं लागलंय. बोट जाईल एवढी जागा आहे. सैल आहे. कुणीतरी विचारतंय, ठीक? सैल आहे! ओरडून सांगतोय, सैल आहे हे, साहेब, घट्ट करा, तिकडेही, त्याचाही —

माझ्याच आवाजात कुणी म्हणालं, ठीक आहे.

मी नाही. मी नाही म्हणालो. एक भोक, फक्त एक भो