लेखक आपल्या दारी

१ जानेवारी १९९७, सकाळी

नवं वर्ष. संकल्प एकच. 'फोंड्या माळावरची वेदना' ही माझी कादंबरी छापून आली त्याला बरेच महिने झाले. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी मौन पाळलंय. मौन म्हणजे विचार चालू आहे. तोवर आपणच वाचकाकडे जायचं. व्याख्यानमाला काढायची. नाव 'लेखक आपल्या दारी'. इंदापूर, बारामती, नरसिंहपूर आणि शेवटी निरवांगी, म्हणजे माझी सासुरवाडी. वक्ता मी. अध्यक्ष मिळेल तो.

पाटबंधारे ऑफिसातली कारकुनी सांभाळून हे करायचंय. थोरांना हे चुकलेलं नाही.

मनिषाला सांगितलं. ती म्हणाली, बरं हाय, पण गॅस संपलाय.

५ जानेवारी

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बिरदेवला संयोजक नेमलं. त्याला साहित्यातलं कळत नाही, पण मेव्हण्याचा मंडप-स्पीकरचा धंदा आहे. कादंबरी कशावर हाय, असं त्यानं विचारलं. म्हटलं, मेंढपाळाच्या बायकोवर. नवरा आपल्याच नादात रानोमाळ, ती तळावर एकटी. तिचा मूक त्याग. तो म्हणाला, म्हंजी वैनींवर हाय व्हय? हसलो. कल्पना आणि वास्तव यातला फरक याला कसा समजावणार? आमच्या आज्याबरोबर मेंढरं संपली. मनिषानं जन्मात मेंढरू राखलेलं नाही.

१२ जानेवारी

पहिलं पुष्प. इंदापुरातलं वाचनालय. श्रोते भरपूर. सगळे पेपर वाचत होते, पण कान माझ्याकडे. मध्येच लाइट गेली. डगमगलो नाही, अंधारात तोंडपाठ बोललो. लाइट आली तेव्हा मी आणि ग्रंथपाल. बाकीचे भारावून निघून गेले असणार. ग्रंथपाल म्हणाले, कुलूप लावू का?

मनिषा आली नाही. ती अभ्यास करत होती. निरवांगीत अंगणवाडी सेविकेची जागा निघालीय, तिनं माहेरच्या पत्त्यावर अर्ज केलाय. शनिवारी पंचायत समितीत मुलाखत. तुमी नुस्तं दाराशी उभं राहा, मला धीर येईल, असं म्हणाली. नेमकं त्या दिवशी बारामतीचं कॉलेज. तारीख कॉलेजनं दिलीय, मी काय करणार? तिला म्हटलं, मनाने तुझ्याबरोबरच असेन.

१८ जानेवारी

बारामती. हॉल गच्च! पोरं खिडकीत बसलेली. मनात म्हटलं, हाच तो क्षण. धनगरी तळाचं वर्णन वाचत होतो, इतक्यात एका पोरानं उठून विचारलं, सर, पूर्वपरीक्षेला हे कितपत येतं? मग उलगडा झाला. नोटीस बोर्डावर 'एम.पी.एस.सी. मार्गदर्शन' लागलं होतं. ते कोणी दुसरेच गृहस्थ, त्यांची गाडी वाटेत बंद पडलेली. प्राचार्य म्हणाले, तुम्हीही सरकारी नोकरीत आहात, काहीतरी सांगा. सांगितलं. माझी पोस्ट कोणती, असं विचारलं गेलं. खरं ते सांगितलं. हॉल पाच मिनिटांत रिकामा. तरुण पिढीला धीर नाही.

घरी आलो तर मनिषा खुशीत. मुलाखत चांगली झाली म्हणे. पुढे सांगत होती, पण मी फार दमलो होतो.

२६ जानेवारी

दुसऱ्यांदा बारामती. एका निवृत्त मास्तरांनी घरातल्या दोन खोल्यांत वस्तुसंग्रहालय मांडलंय. झेंडावंदनानंतर भाषण. मागे तलवारी, बाजूला जातं, मध्ये मी. समोर शाळेची पोरं, खाऊची वाट बघत. सर्वात छोट्या पोरानं बाईंना विचारलं, हे पण जुनं हाय का? निरागस दाद! टिपून ठेवतो.

मनिषाची निवड झाली. अभिनंदन केलं. गावातच राहावं लागतं, असं ती म्हणाली. म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघून झालंय.

१ फेब्रुवारी

मनिषा निरवांगीला गेली. ट्रंक नेली. शिलाई मशीनसुद्धा नेलं. मशीन कशाला, ते लक्षात यायला जरा वेळ लागला. निरवांगीच्या कार्यक्रमाचा बॅनर! मला सरप्राइज द्यायचं असेल. स्टँडवर सोडायला जाणार होतो, पण भाषणाची तालीम राहिली होती. जाताना ती दारात थोडा वेळ थांबली. म्हटलं, आत ये किंवा बाहेर जा, लिंक तुटते.

९ फेब्रुवारी

नरसिंहपूर. भीमा-नीरेचा संगम, देवळापुढे सावलीत माणसं ओळीनं बसलेली. अशी शिस्तबद्ध सभा पाहिली नव्हती. नायिका तळावर एकटी चूल फुंकते तो उतारा वाचला. माझाच आवाज भरून आला. तेवढ्यात पत्रावळ्या आल्या आणि सभेनं पाठ फिरवली. महाप्रसादाची पंगत होती.

शकुबाई नावाची एक म्हातारी मात्र जेवण सोडून जवळ आली. माझा हात धरून म्हणाली, लेकरा, कधी गेली रं? विचारलं, नायिका का? तर म्हणाली, तुझी बायकू. म्हटलं, छे, ती निरवांगीला आहे, माझ्या कार्यक्रमाच्या तयारीत. ती म्हणाली, मग हितं काय करतुयास? जा की तिकडं.

साहित्याचा परिणाम असा थेट असतो. मात्र जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी

घरात भाकरी थापायचा प्रयत्न. नकाशा झाला. मनिषाला निरोप धाडला होता की बॅनरवर 'सुप्रसिद्ध' शब्द हवा. उत्तर नाही. कामात असेल.

२३ फेब्रुवारी, निरवांगी

बॅनर नव्हता. मशीनवर तिनं अंगणवाडीच्या पोरांना झबली शिवलीत.

गर्दी मात्र होती. साठ-सत्तर बाया, कडेवर पोरं. मनिषानं बोलावलेल्या. आधी ती बोलली. पोराचं वजन का करायचं, पहिला घास कधी द्यायचा. कागद नाही, माइक नाही. बाया हसत होत्या, उलट विचारत होत्या, ती उत्तरं देत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली. हिला एवढं बोलता येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी. सासूबाई, म्हणजे भामाबाई, हळूच कानाशी म्हणाल्या, पावणं, आवरतं घ्या, बायांस्नी धारा काढायच्यात. आवरतंच घेतलं, तरी बाया एकेक करून उठल्या. शेवटी समोर फक्त मनिषा. ती शेवटपर्यंत बसली. मीही शेवटपर्यंत वाचलं.

नंतर एस.टी.च्या फाट्यापर्यंत आली. म्हणाली, पुस्तक पुरं वाचलं मी, दोनदा. मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, त्यातली बाई अख्ख्या पुस्तकात एक शब्द बोलत न्हाय. मी समजावलं, तो माझा तंत्राचा भाग आहे. तिचं मौनच बोलतं. ती म्हणाली, तिला विचारलं व्हतं का तुमी?

मी म्हटलं, घरी चल, सविस्तर बोलू. ती म्हणाली, आता न्हाय येत. मला हितं बोलायला मिळतंय. तुमच्यावर राग न्हाय, पण मी हितंच राहणार. नीट जेवत जावा.

मग गाडी आली. मला खिडकीजवळ जागा मिळाली. तिनं हात केला नाही आणि मान वळवलीही नाही, गाडी निघेपर्यंत उभी होती.

२७ फेब्रुवारी

तीन दिवस रजा टाकली होती. आज ऑफिसला गेलो.

मालेचा समारोप कधी धरायचा, म्हणजे मेव्हण्याला सांगायला बरं, असं बिरदेव म्हणाला. म्हटलं, माला संपली. मग त्यानं विचारलं, आन् वैनी कधी येणार माघारी?

फाइल मिटून, खुर्ची माझ्याकडे वळवून बसला. चहावाला आला तर त्यालाही हातानं थांबवलं. एवढ्या महिन्या-दोन महिन्यांत माझं बोलणं ऐकायला असं कोणी बसलं नव्हतं.

मला एक शब्द सुचला नाही.