लिफ्टवाला जिन्याने चढतो तेव्हा

ती. ताईस,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे दोघंही ठणठणीत आहोत. तुझी तब्येत कशी आहे ते खरं खरं कळव, नुसतं ‘बरी आहे’ नको. गेली तीस वर्षं तू प्रत्येक पत्रात ‘बरी आहे’ लिहीत आलीस, आणि त्यातल्या दोन पत्रांच्या वेळी तू इस्पितळात होतीस हे आम्हाला मागाहून तुझ्या शेजारणीने सांगितलं. (त्या माउलीला माझा नमस्कार सांग. तुझ्या आसपास खरं बोलणारं एक तरी माणूस आहे, हा मोठा आधार आहे.) गुडघ्यांना शेक देतेस ना? की ‘देते’ असं म्हणतेस फक्त?

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मोजून दोन ओळी. तुम्ही दोघं जा, मी येत नाही, माझे गुडघे म्हणजे तुमच्या गळ्यातलं लोढणं. वाचलं. तुझ्या शब्दाबाहेर मी आजवर गेलो नाही, आताही जाणार नाही. येत नाहीस, ठीक आहे, विषय मिटला. मी आग्रह करणार नाही. हे पत्र आग्रहाचं नाहीच मुळी, आभाराचं आहे. तुला वाटेल, याला एकदम आभार मानायची हुक्की कुठून आली? तर त्याला कारण आहे. ही सहल ठरवताना माझ्यावर जे जे बेतलं आणि ज्यांनी ज्यांनी मला त्यातून बाहेर काढलं, त्या सगळ्यांचे आभार मानून झाले, तेव्हा लक्षात आलं की यादीत पहिलं नाव जिचं हवं ती राहूनच गेली.

म्हणजे बघ, समुद्रापलीकडच्या त्या ख्मेर राजांची देवळं बघायचं हे खूळ आमच्या डोक्यात घातलं कुणी? तूच. इतिहासाच्या पुस्तकात त्या देवळाचं चित्र होतं, पोस्टाच्या तिकिटाएवढं, तेही शाई फुटलेलं. तेवढ्या चित्रावर तू बत्तीस वर्षं तो धडा शिकवलास. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी परमुलखातल्या राजांनी आपल्याच गोष्टी दगडात कशा कोरल्या, हे तू असं काही सांगायचीस की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा शेंगा खायची थांबायची. (मीही त्याच बाकावर होतो, म्हणून ठाऊक.) नववीत मी दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा बाबांनी मला पोत्यांच्या गोदामात चिकटवायचं नक्की केलं होतं. तू मला तंत्रशाळेत घेऊन गेलीस आणि मुख्याध्यापकांच्या दारासमोरच्या बाकावर सकाळपासून ठाण मांडून बसलीस. जागा भरल्या म्हणाले, तरी उठली नाहीस. शेवटी त्यांनी आत बोलावलं तेव्हा तू म्हणालीस, हा मुलगा घरातली प्रत्येक वस्तू उघडतो, पण सर, परत जोडतोसुद्धा. (भिंतीवरच्या घड्याळाबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस, हा तुझा मोठेपणा.) त्या दिवसापासून मी जोडतोच आहे. आज दहा-बारा इमारतींच्या लिफ्ट माझ्या हातावर चालतात, त्या तुझ्या त्या बाकावरच्या बसण्यावर चालतात असं मी धरून चालतो.

तर सहल. आखणीचं काम तुझ्या भावजयीकडे. तिला तू ओळखतेसच, वाचनालयात बावीस वर्षं काढलेली बाई. तिने प्रत्येक देवळाचं एकेक कार्ड केलं, मागे माहिती, पुढे नाव. चेहऱ्यांचं देऊळ, झाडांच्या मुळांनी कवटाळलेलं देऊळ, गुलाबी दगडाचं बारीक कोरीवकामाचं देऊळ, शिवाय ते मोठं सरोवर, जिथे उंच खांबांवर घरं उभी आहेत. काम इतकं देखणं की मी बघतच राहिलो. आणि मग बाईसाहेबांनी ती कार्डं सवयीप्रमाणे वर्णानुक्रमे लावली आणि त्याच क्रमाने दिवस वाटले! त्या हिशेबाने एकमेकांना खेटून असलेल्या दोन देवळांतलं एक आम्ही पहिल्या दिवशी बघणार होतो आणि दुसरं पाचव्या दिवशी, मध्ये सरोवर. प्रवास कंपनीचा माणूस फार सज्जन निघाला. त्याने तो कागद दोनदा वाचला, पाणी प्यायला आणि विचारलं, की आपण काही नवस वगैरे बोलला आहात का? मी हसलो, त्याची शिक्षा म्हणून पुढची आखणी माझ्याकडे आली.

आता मी पडलो लिफ्टवाला. मला कुठलीही इमारत दिसली की पहिला प्रश्न पडतो, माणूस वर कसा जातो? तिच्या पुस्तकांत वाचलं की सगळ्यात मोठ्या देवळाच्या वरच्या भागाचा दगडी जिना इतका उभा आहे की चढणाऱ्याचं डोकं आपोआप खाली झुकावं. आता त्यावर लाकडी जिना बसवलाय म्हणतात, पण तोही काही लेचापेचा नाही. एवढे मोठमोठे राजे, एवढे हत्ती, एवढे कारागीर, पण वरखाली जायची धड सोय करायचं एकाच्याही मनात आलं नाही! मी तेवीस वर्षांत स्वतःच्या पायांनी दुसऱ्या मजल्याच्या वर गेलेलो नाही, ते आमच्या धंद्यात कमीपणाचं समजतात. म्हणून ठरवलं, सराव करायचा. माझ्याकडे देखभालीला एक अकरा मजली इमारत आहे. रोज साडेसातला, ड्यूटीच्या आधी, तिथला जिना धरायचा. देवळांत पाठीवर पाणी, छत्री, कॅमेरा असं ओझं असणार, तेव्हा तेवढ्याच वजनाची माझी हत्यारांची पिशवी खांद्याला. अंगावर अर्थातच कंपनीचा गणवेश.

इथेच घात झाला. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांनी मला जिन्यात गाठलं. लिफ्टवाला, हत्यारं घेऊन, घामाघूम, जिन्याने वर. त्यांनी विचारलं, काय हो, काही विशेष? माझ्या छातीचा भाता झालेला, तोंडातून शब्द फुटेना. मी नुसता हात हलवला. मला म्हणायचं होतं, काही नाही साहेब, तुम्ही चला पुढे. त्यांना दिसलं, लिफ्टजवळ फिरकू नका. दुसऱ्या दिवशी नवव्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी मला पायरीवर डोकं धरून बसलेलं पाहिलं. ज्याच्या हातात लिफ्टचा जीव, तोच असा बसलेला बघून बाई तशाच उलट पावली घरात गेल्या आणि अकरा मजल्यांवर फोन फिरले.

चौथ्या दिवसापर्यंत सगळी इमारत जिन्यावर! आणि मी मेला खुळा, मला वाटलं माझं बघून लोकांना व्यायामाची गोडी लागली. मी मनातून असा फुललो म्हणतेस! भेटेल त्याला शाबासकी देत सुटलो. छान करताय, म्हटलं, जिनाच बरा, लिफ्टचा काय भरवसा. एका गृहस्थांनी चेहरा पाडून विचारलं, हे किती दिवस चालायचं? मी म्हटलं, तीन आठवडे तरी, पुढे बघू. (मी माझ्या सरावाचं बोलत होतो.) सातव्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचे रोगी वर पोचेपर्यंत असे धापा टाकत की ‘तोंड उघडा’ म्हणायची पाळीच येईना. आणि लिफ्ट? ती बिचारी खाली दार उघडून उभी, तिच्यात कणभर दोष नाही.

मग आमच्या ऑफिसात पत्र आलं. न्यायाधीशांनी लिहिलेलं, तेव्हा त्याला सतरा मुद्दे होते. पहिला मुद्दा, आपला कारागीर स्वतः लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा रजेचा अर्ज, त्याच्यावर हे पत्र. आणि रजा नाही तर सहल नाही. साहेब म्हणाले, लिफ्टमध्ये काय बिघाड आहे? म्हटलं, काही नाही. मग जिन्याने का जातोस? म्हटलं, देवळं बघायला. साहेबांनी मला खुर्ची दाखवली. मग मी बसून सगळं सांगितलं, तुझ्या त्या चित्रापासून. साहेबांनी शिक्षा केली ती एवढीच, की आठवडाभर रोज सकाळी आठ ते अकरा त्याच लिफ्टमधून लोकांसमक्ष वरखाली करायचं, तेही हसऱ्या चेहऱ्याने. हुकूम लेखी दिला, ‘हसऱ्या’ खाली रेघ मारून.

पहिल्या दिवशी मी एकटाच हसत हसत चाळीस वेळा वरखाली झालो. एकटा हसणाऱ्या माणसाबरोबर बंद पेटीत शिरायला कोण धजणार? तिसऱ्या दिवशी न्यायाधीश आत आले, प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवली आणि प्रत्येक मजल्यावर एक प्रश्न विचारला. अकराव्यापर्यंत सगळी सहल बाहेर पडली. मला वाटलं, आता अठरावा मुद्दा. तर ते आपला पट्टा दाखवून म्हणाले, हा दोन भोकं आत गेलाय, तुमच्यामुळे. गाण्याच्या बाई म्हणाल्या, श्वास लांबलाय. दातांच्या डॉक्टरांनी माझी एक दाढ फुकट काढून देतो म्हणून सांगितलं. (मी हात जोडले.) आणि या देवमाणसांनी आपण होऊन ऑफिसला दुसरं पत्र धाडलं, आमची काही तक्रार नाही, यांना रजा द्यावी. रजा मंजूर झाली, चौदा दिवसांची. मी खरोखर सांगतो ताई, मी लिफ्टमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि थोडा रडलो. आपण लोकांना चार दिवस जिना चढायला लावावा आणि त्यांनी उलट आपलं भलं करावं, ही कुठली पुण्याई? माझी तर नाही. तुझीच असणार.

तर असं आहे. तू नाहीस म्हणून आमचं काही अडत नाही, हे सांगायला एवढं लिहिलं. मी आता अकरा मजले न थांबता चढतो, एकदा नाही, दोनदा. तिकडे वरपर्यंत जाईन, सगळं बघेन आणि आल्यावर तुला सांगेन. मला तुझ्यासारखं सांगता येत नाही, ते सोड. तुझ्याशिवाय जायचं अगदी जिवावर आलंय, तेही सोड. आग्रह नाही म्हटलं ना. प्रकृतीला जप.

तुझा, तू जोडून दिलेला,
धाकटा

ता. क. तुझं तिकीट रद्द करायचं राहूनच गेलं. विसरलो. सोमवारपासून चार वेळा प्रवास कंपनीच्या दारापर्यंत गेलो आणि चारही वेळा विसरलो.

आणखी एक ता. क. ताई, वर थोडं खोटं लिहिलंय. अकरा मजले वगैरे काही नाही, तिसऱ्यावर माझे पाय लटपटतात. तो देवळाचा जिना माझ्याच्याने होणार नाही. तुझी भावजय वर जाईल आणि मी परक्या मुलखात खाली एकटाच बसेन. आता गंमत अशी, की पुस्तकात लिहिलंय, ती लांबच लांब कोरलेली भिंत खालच्या ओवरीतच आहे. समुद्रमंथन तिथेच, कुरुक्षेत्र तिथेच. थोड्याशा पायऱ्या आहेत, तेवढ्याला माझा खांदा आहे. पण मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, देव कुठला आणि दैत्य कुठला इथपासून तयारी. कुणीतरी जाणतं शेजारी बसून सांगणारं लागेल. मी माझ्या अडचणीपायी म्हणतोय, तुझ्यासाठी नाही.

वन्सं, नमस्कार. तुमचे भाऊ पाकीट आणायला खाली गेलेत, तेवढ्यात मी लिहिते. यांचं शेवटचं अजिबात खरं धरू नका. अकरा मजले दोनदा चढतात हे खरं, मी डोळ्यांनी पाहिलंय, वर जाऊन शिट्टीसुद्धा वाजवतात. पण सोमवारी तुमचं पत्र आलं, त्यांनी ते तीनदा वाचलं, चढायचे बूट कपाटावर टाकले आणि तेव्हापासून जिन्याचं नाव काढलं नाही. त्यांना वर जायचंच नाहीये, तुमच्याजवळ खाली बसायचंय. तुम्ही नाही आलात तर ते हट्टाने माझ्याबरोबर वर येतील आणि प्रत्येक पायरीला, इथे लिफ्ट कशी बसवता आली असती ते मला सांगतील. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मला एकदा उंचावरून एखादी गोष्ट मुकाट्याने बघायचीय. तुमच्यापुढेच ते गप्प बसतात, तेव्हा माझ्यावर एवढे उपकार करा. उत्तर लिहू नका, तुम्ही ‘बरी आहे’च लिहाल. व्हिसासाठी पासपोर्टच्या मापाचे दोन फोटो तेवढे पाठवा, पांढऱ्या पडद्यासमोर काढलेले. आणि वन्सं, फोटोत हसलेलं चालत नाही, तेवढं जरा सांभाळा.