बाबांची दाढ

बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही नेहमीसारखा एक्स-रे उजेडात धरलात आणि विचारलंत, "काय दिसतंय, डॉक्टरीणबाई?"

मी म्हटलं, "दाढेच्या मुळाशी पू झालाय. काढावी लागेल."

"बरोबर. पेशंट मीच आहे. जन्मभर लोकांच्या दाढा काढल्या, माझी मात्र लेकच काढणार. सुट्टीत ये."

बाबा, दातांच्या डॉक्टरकीचं शिक्षण सोडून मला वर्ष होत आलं. मी आता भूगर्भशास्त्राच्या विभागात आहे. इथे हातोडीने दगड फोडते आणि समोर कुणी कळवळत नाही. तिकडे सुई हातात घेतली की पेशंटआधी मलाच घाम फुटायचा. तुम्हाला सांगायला रोज शब्द जुळवते आणि रोज गिळते. हे पत्रही बहुतेक तसंच राहील.

कारण आजच्या कॉलवर तुमचा गाल सुजलेला दिसला. मागून आई करवादली, "स्वतः दातांचे डॉक्टर, आणि तोंडात लवंग धरून बसलेत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

तुम्ही विचारलंत, "येतेस ना? तोवर कळ काढतो."

मी म्हटलं, "येते, बाबा. थांबा थोडं."

तुमची,
डॉक्टरीणबाई