संथ विषाणूचा वेग

१३ जून १९९४
विट्याहून एस.टी.नं माळावरच्या मेंढी केंद्रात हजर झालो. दारावर पाटी लागली: बुद्धभूषण गायकवाड, प्रयोगशाळा सहायक. आमच्या घरातली पहिली पाटी. अक्षता आणि बाळ सध्या रहिमतपुरात. पाऊस सरला की आणीन. मेंढपाळ बिराप्पामामांनी खोली झाडून दिली, मेंढीच्या दुधाचा चहा पाजला. गोड माणूस.

२० जून
केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी काम समजावलं. मेंढ्यांत एक संथ विषाणू आहे. त्याचं एन्झाइम विषाणूची नक्कल मेंढीच्या पेशीतच लिहून ठेवतं. ती खोडता येत नाही. चार-पाच वर्षं काही कळत नाही. मग धाप लागते, मागचे पाय लुळे पडतात. रक्तातलं हे एन्झाइम किती जोरात चालतंय, ते मी मोजायचं. निरोगी मेंढी शून्याजवळ, आजारी चाळीस. माणसाला होत नाही, म्हणाले.

८ जुलै
साहेबांनी बिननावाची नळी दिली. आकडा नऊशे. यंत्र बिघडलं समजून तीनदा केलं. नऊशेच. मग साहेब म्हणाले, रक्त बिराप्पामामांचं.
संध्याकाळी मामांनी विचारलं, "भाऊ, माझं काय आलं?"
काही नाही, म्हणालो.
"मग पाय का वं जड झाल्यात?"
मी नळ्या धूत राहिलो.

१५ जुलै
मामांना उठवत नाही. माणसात हा संथ राहत नाही. वर्षांचं काम आठवड्यांत. साहेब मदत आणतो म्हणून जीप घेऊन गेले. फाटकाला बाहेरून कुलूप. फोन बंद.

१९ जुलै
मामा गेले. मेंढ्यांत सरपटत जाऊन झोपले होते. मी खरं सांगायला हवं होतं. पाणी आणताना मला दम — चालणं जास्त झालं असेल.

२१ जुलै
माझं रक्त. तीनशे दहा.

२२ जुलै
अकराशे. तारेचं कुंपण चढायला गेलो. पाय उचलेना. आणि चढून जाणार कुठं — घरी? बाळाजवळ?

२४ जुलै
एस.टी. थांबली. अक्षता. बाळ कडेवर. पत्र नाही म्हणून आली असेल. हाक मारतोय, आवाज निघत नाही. हे पान दगडाला गुंडाळून फेकतो —
अक्षता, मागं फिर. तारेजवळ येऊ नको. बाळाला खाली ठेवू नको, मेंढरं तारेपाशी आलीत, त्याला त्यांना हात लावू दे—