प्रत्येक जिन्नस याच देशातला

३ मार्च, सोमवार

दांड्यांचा डबा रिकामा! रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी दांडीवर अडकवतात, ती दांडी. घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेला महिनाअखेर सहा खोगिरे द्यायची आहेत — बसणारी सगळी मुले — आणि डब्याच्या तळाशी गंजाची पूड.

धाकट्या भावाला जाऊन आज बावीस दिवस झाले. नवे खोगीर स्वतः बसून पाहत होता. घोडा बुजला, हा पडला, पाय रिकिबीत अडकला, घोड्याने कुंपणापर्यंत फरफटत नेले. ही विधाने मी पंचनाम्यात वाचली. क्रम बरोबर होता. एक क्रियापद चुकले होते; ते दुरुस्त करवून मगच सही केली.

मला काही वाटत नाही. केवळ नोंद.

४ मार्च, मंगळवार

भावजय म्हणाली, "वन्सं, कारखाना बंद करायचा असेल तर एकदाच करा. रोज थोडा थोडा नका करू."

सहा खोगिरे पुरी होतील, म्हटले. पुढचे पुढे.

"मग ते फळीवरचं तेवढं न्या कुठंतरी. ते तिथं असेपर्यंत माझं पाऊल आत पडत नाही."

फळीवर तेच खोगीर आहे, ज्यावरून तो पडला. पोलिसांनी परत दिले तसे, गोणपाटात बांधलेले. उद्या नेते, असे सांगितले.

चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. खोगिराविषयी मला इतकेच ठाऊक, की त्यातली प्रत्येक वस्तू कुठून तरी आणावी लागते. तेवढे मी करू शकेन. शिवायला कारागीर आहे. धाकट्याबरोबर सव्वीस वर्षे बसला. मला "बाई" म्हणतो आणि मी आत गेले की आरी खाली ठेवतो, जणू मी हजेरी घेणार आहे.

६ मार्च, गुरुवार

दिवसभर पायपीट. धाकट्याच्या वहीत सगळे पत्ते आहेत.

सांगाड्याचे लाकूड सुताराकडून. विचारले, लाकूड कुठले? म्हणाला, "कुठलं म्हणजे? झाडाचं!" लेखी मागितले, तेव्हा आणखी हसला, पण लिहून दिले. कातडे नदीपलीकडच्या कमावणाऱ्याकडून — झाडाच्या सालीत आठ महिने मुरवलेले. त्याने वाकवून दाखवले, घडीवर रेघ उठली नाही. त्याने धाकट्याविषयी एक शब्दही काढला नाही. हे मला आवडले. लोकर मात्र मी चुकीची घेतली. धुतलेली, पण विंचरलेली नाही. कारागीर म्हणाला, "असल्या गाठी आत भरल्या तर घोडा आपली शिकवणी लावेल, बाई." परत केली. वर्गात मी ज्याला खोगीरभरती म्हणून लाल रेघ मारीत असे, ते काम इतके नाजूक असते हे आज कळले.

हा सारा अट्टाहास कशासाठी, तेही लिहून ठेवते. आमच्या प्रत्येक खोगिराच्या झडपेआड कापडाची एक चिठ्ठी शिवलेली असते: "या खोगिरातील प्रत्येक जिन्नस — लाकूड, कातडे, लोकर, दोरा, धातू — याच देशात तयार झालेला आहे." एकोणीस वर्षांपूर्वी हे वाक्य मी लिहिले. धाकट्याच्या कच्च्या मसुद्यात "शक्यतो" हा शब्द होता. मी तो खोडला. म्हटले, शक्यतो ही पळवाट आहे. एकतर प्रत्येक म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस. तो कान खाजवत म्हणाला होता, "तू म्हणशील तसं, ताई." लोक ती चिठ्ठी वाचून खोगीर घेतात. शाळेनेही तेच वाचून सहा सांगितली.

७ मार्च, शुक्रवार

वहीत दांडीपुढे अजूनही पत्ता नाही! कारागिराला विचारले. "त्या मालक स्वतः आणायचे," एवढे बोलून मेणाच्या गोळ्याकडे बघत बसला.

८ मार्च, शनिवार

अशा दांड्या घडवणारा ओतारी या भागात एकच. एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून साऱ्या जगाला ऐकू जाईल असे बोलतो.

"तुमचे बंधू? आले होते की! जानेवारीत. एक जोडी घेऊन गेले."

"फक्त एक?"

"एकच! मीच म्हटलं, अहो, खोगीर घोड्याला करताय का बोकडाला? म्हणाले, ही जमली तर वर्षभराच्या तुमच्याकडून घेतो. ताईला खूश करायचंय, म्हणाले. ताई म्हणजे तुम्हीच ना?"

मी होय म्हणाले.

त्याच्या प्रत्येक दांडीच्या पाठीवर एक छोटी मासोळी ठोकलेली असते. आजोबांपासूनची खूण. सहा जोड्या सांगून आले. एकोणीस वर्षे आणि एक जोडी. उरलेल्या कुठल्या? प्रश्न मांडून ठेवते.

११ मार्च, मंगळवार

दांड्या आल्या. दुपारी आत गेले तर कारागीर कानस घेऊन मासोळ्या घासतो आहे!

"हे काय चाललंय?"

"खूण काढतोय."

"का?"

"काढायचीच असते. मालक एकेक दांडी घासून मगच बसवायचे."

"पण कशासाठी?"

"बाई, मी कशाला विचारू? आरी अशी धर म्हणाले, धरली. मेण असं लाव म्हणाले, लावलं. हेही तसंच."

जो खूण घासतो तो ती लपवतो. देशी खूण लपवण्याचे कारण नाही. निष्कर्ष लिहिण्याची गरज नव्हती, तरी धाकट्याच्या टेबलाचा खण उघडला. मागे, तेलकट कागदात, न घासलेली एक जोडी. अक्षरे परक्या लिपीतली.

म्हणजे एकोणीस वर्षे प्रत्येक खोगिरात एक असत्य विधान शिवले जात होते. माझे.

१२ मार्च, बुधवार

राग आला नाही. तो कुठे असायचा ते आठवते. तिथे चाचपून पाहिले.

१३ मार्च, गुरुवार

भावजयीला सारे माहीत होते! "इथल्या दांड्या त्यांच्या मनाला येईनात. मीच म्हणायचे, सांगून टाका एकदा ताईंना. म्हणायचे, तिनं ओळ किती छान लिहिलीय, आता तिला काय सांगू?"

मग म्हणाली, "तुम्ही अजून रडला नाहीत, वन्सं."

रडल्याने कोणते विधान बदलते, असे मी विचारले. "पेपर तपासताय जसा काही," म्हणाली आणि उठून गेली. ताटली तशीच राहिली. मी धुतली.

डिसेंबरात मीच त्याला हटकले होते, दांड्यांचा पत्ता वहीत का नाही म्हणून. तो म्हणाला, "होईल ताई. या वर्षी नक्की होईल." मला वाटले, वही पुरी करण्याविषयी बोलतो आहे.

१५ मार्च, शनिवार

दांडी कशासाठी असते ते आज प्रथमच नीट समजले. तिच्या मागच्या टोकाला बिजागरीचा खटका असतो. एरवी बंद. स्वार पडला, पाय अडकला, पट्टा मागे ओढला गेला, की खटका उघडतो. पट्टा रिकिबीसकट निसटतो आणि माणूस मोकळा होतो. तिचे काम इतकेच.

येथून पुढचे अनुमान सरळ आहे. आज केले नाही.

कारखान्याची रीत अशी: पट्ट्याला वाळूचे पोते बांधायचे आणि तीनदा मागे ओढायचे. तिन्ही वेळा सुटले, की खोगीर पास. कारागिराने ओताऱ्याची पहिली दांडी ओढली. तीनदा सुटली. तो पोते सोडायला लागला.

"वीसदा ओढा," मी म्हटले.

"बाई, तीनची रीत आहे."

"वीस."

चौदाव्या वेळी अडकली. पोते हवेत तसेच लोंबत राहिले. आम्ही दोघे त्याच्याकडे पाहत होतो. बाकीच्या अकरांपैकी आणखी तीन अडकल्या. एक सहाव्याला, दोन अठराव्याला. मग खणातली परदेशी जोडी लावली. साठ वेळा ओढली, साठ वेळा सुटली.

तीनदा घडले म्हणून नेहमी घडेल असे मानू नये — हे मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात सांगत असे. घरात सांगायचे राहिले.

१७ मार्च, सोमवार

ओताऱ्याकडे अडकलेल्या चारही दांड्या टेबलावर ठेवल्या. तो आज हळू बोलला. खटक्याच्या कडेवरून नख फिरवले. "कड गोल व्हायला पाहिजे. साचाच नवा करावा लागेल. दोन महिने द्या, बाई. पितळ माझं ऐकतं, हे पोलाद अजून सासुरवाडीला आल्यासारखं वागतं." मग एकदम: "बंधूंनी नेलेली जोडी कशी निघाली?"

चारही दांड्या तिथेच ठेवून निघाले.

मुलांच्या सहाही खोगिरांना परदेशी दांड्या लागतील. भावजयीकडून पत्ता घेऊन त्या विकणाऱ्या व्यापाऱ्याला सांगून आले. शाळेला पत्र घातले: दांडी देशी नाही, मान्य नसेल तर खोगिरे घेऊ नयेत. नवी चिठ्ठीही लिहिली. प्रत्येक खोडले. शक्यतो लिहिले.

कारागिराला वाचून दाखवली. "मालक असते तर हसले असते."

"किती?"

"पोट धरून."

१८ मार्च, मंगळवार

शाळेचे उत्तर आले. सहाही घेणार.

१९ मार्च, बुधवार

परदेशी दांड्या आल्या. कारागीर कानस उचलणार, तोच थांबला. "आता खूण घासायची का, बाई?" नाही म्हटले. त्याने कानस खिळ्याला टांगली.

जाताना उंबऱ्यात घुटमळला. "ते फळीवरचं न्यायचंय म्हणता ना? मी नेतो. तुम्ही गोणपाट सोडू नका."

"का?"

"तसंच नेऊ या की."

उद्या ठरवू, म्हटले.

२० मार्च, गुरुवार

सकाळी एकटीने खोगीर खाली घेतले. गोणपाट सोडले, डावी झडप उचलली.

पट्टा अजून दांडीवरच आहे. खटका बंद. दांडीच्या पाठीवर मासोळी — न घासलेली. उलट, तेल लावून पुसलेली. मला दाखवायची असणार.

शेजारी माझी चिठ्ठी शिवलेली आहे. या एका खोगिराबाबत ते वाक्य खरे होते.